आबांचा नकार

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या खडखडाटात माणसाचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नाही, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. पार पलीकडच्या टोकाचा माणूस काय म्हणाला, हे आबांना या टोकावरून कळायचं. घरी मात्र ते इतक्या मोठ्यांदा बोलायचे की नव्या माणसाला वाटावं, भांडण लागलंय. कोल्हापुरात एम.एस्सी.ला गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. खोटं कशाला बोलू?

मी कॉलेजात शिकवावं, एवढी एकच हौस त्यांना होती. तिच्यापायी ते सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्याची पाळी करायचे. आणि मी वर्गातल्या एका मुलाच्या प्रेमात पडले. नेसरीकडचा, हुशार, बोलायला गोड. जात एकच निघाली, त्यामुळे घरात आदळआपट झाली नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी तो आईवडिलांना घेऊन आमच्याकडे आला.

आबांनी एकच गोष्ट विचारली. "पोरगी नोकरी करंल. चालंल न्हवं?"

"चालंल की! न चालायला काय झालं?" तिघंही म्हणाले.

जेवणं झाली. लगेच सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं ठरलं, आईनं ताटही तयार केलं. तो आणि त्याची आई परसातल्या नळावर हात धुवायला गेले. आबा आत खिडकीपाशी बसले होते. थोड्या वेळानं ते उठून बाहेरच्या सोप्यात आले आणि म्हणाले, "पावणं, हे जमायचं न्हाई."

कारण विचारून सगळे थकले. आबांनी तोंड उघडलं नाही. मी त्यांना नको नको ते बोलले. तुम्हाला माझं सुख बघवत नाही, असंसुद्धा म्हणाले. पुढं दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. तो मुलगा वर्षाच्या आत बोहल्यावर चढला. मी ईर्ष्येनं अभ्यास केला, कॉलेजात लागले, उशिरा का होईना लग्न केलं. नवरा भला माणूस आहे.

नोकरीत कायम झाल्याचं सांगायला मी इचलकरंजीला गेले, तेव्हा आबांनी काम सोडलं होतं. पेढा हातात धरून ते आपणहून बोलायला लागले.

"त्या दिशी नळावर त्यो आईला हळूच म्हणत हुता, आत्ता नुसतं व्हय म्हणायचं, लगीन झाल्यावर कसली नोकरी? मी खिडकीतनं बघितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझा जीव हुता त्याच्यावर. त्यो असला हाय, हे तुला कशाला कळू द्यायचं? माझ्यावर चिडलीस तर चिडलीस. बाप कुठं पळून जातोय?"

मला रडू आलं. आबांना वाटलं, त्या मुलानं फसवलं म्हणून रडते आहे.

पण त्यानं मला फसवलं नव्हतं. त्या रविवारच्या आठवडाभर आधी, विद्यापीठाच्या बसस्टॉपवर, घरच्यांना नोकरी करणारी सून नको आहे, हे त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. मी क्षणभरही विचार न करता 'चालेल' म्हटलं होतं. एवढंच नाही, आबांसमोर मात्र हो म्हणा, ही युक्तीही माझीच होती. दुसऱ्याच्या घामावर वाढलेलं स्वप्न सोडून देताना माणसाला काही वाटत नाही. मला तरी वाटलं नव्हतं. उलट, प्रेमासाठी केवढा त्याग करते आहे, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

"तुला तवा कळलं असतं," आबा म्हणाले, "तर तूच न्हाई म्हणाली असतीस. व्हय न्हवं?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं सांगवेना.

"व्हय, आबा."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.