मोठा चिरा मागणारी बाई

"साहेब, मधूनच कापा. मोठं कापा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात संगीता मला असं म्हणाली. मी हृदयाचा सर्जन. चिरा लहान असावा म्हणून विनवणारे पेशंट मी रोज बघतो. मोठा मागणारी ही पहिलीच.

गंगापूरकडच्या मेंढपाळ घरातली ही सून. लहानपणीच्या सांधेतापानं तिच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, कडक झाला होता. झडप पुरती उघडत नाही, रक्त मागं साचतं, चार पावलांत दम लागतो. व्हॉल्व्ह बदलायला पूर्वी छातीचं मधलं हाड उभं कापावं लागे. आम्ही नुकतेच उजवीकडून, स्तनाखालच्या लहान चिऱ्यातून, फासळ्यांच्या मधून आत जाऊ लागलो होतो. हाड शाबूत राहतं. पेशंट लवकर हिंडू-फिरू लागतो. मला त्याचा अभिमान होता.

"मोठं कशाला?"

"बारीक कापलं तर आत्याबाई म्हणतील, काट्यानं वरखडलं. दुसऱ्या दिशी हंडा डोक्यावर."

आत्याबाई म्हणजे सासू.

"मी सांगतो त्यांना, आराम द्या म्हणून."

"तुमी इथं सांगताल. टँकर तिथं येतो."

दुष्काळाचं वर्ष होतं. आमचं शहर बीड बायपास रस्त्याच्या पलीकडं वाढत चाललं होतं, मी राहायचो त्या नव्या इमारतीलाही पाणी टँकरनंच येई. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हाड नाही कापलं तरी वर्षानुवर्षं दमलेल्या हृदयाला सावरायला वेळ हवाच. त्याच उन्हाळ्यात माझी पत्नी गेली होती. मी कामावर परतलो होतो. माझ्या अंगावर जखम दिसत नव्हती, त्यामुळं लोक माझ्याशी बोलायचे ते फक्त पेशंटचं आणि ऑपरेशनचं.

"चिरा लहानच देणार," मी म्हणालो, "पण आराम मिळेल असं बघतो."

"कसं?"



ऑपरेशन नीट झालं. बाहेर सासूबाई उभ्या होत्या, हातात बाजाराची पिशवी.

"कुठून कापलं?"

मी बोटांनी लांबी दाखवली.

"एवढुसंच? मंग परवा नेतो की. घरी पानी कोन भरंल?"

मी सिस्टरला हाक मारली. काढलेला व्हॉल्व्ह लॅबला जायचा होता, तो तसाच ट्रेमध्ये मागवला. सासूबाईंना ग्लोव्ह घालायला दिला आणि म्हणालो, "हात लावून बघा."

त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. मग पुन्हा दाबलं.

"बकऱ्याच्या काळजात हे मऊ असतं," त्या म्हणाल्या. "पापुद्र्यावानी. हे तर खडा झालंय."

"हो," मी म्हणालो.

"कवापासून?"

"बरीच वर्षं."

"लग्नाच्या आधीपासून?"

"हो."

त्यांनी बोट झडपेवरच ठेवलं. "मंग ही पानी कशी आनत व्हती?"

त्यांनी ग्लोव्ह काढला, सिस्टरच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

तपासणीला दोघी आल्या तेव्हा संगीता न थांबता जिना चढून आली. सासूबाई मागून धापा टाकत.

"हंडा कोण आणतं आता?" मी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "आन ही ओट्यावर बसून सांगती, आत्याबाई, सांडू नका."

संगीता पदराआड हसली.

तेव्हापासून मी नातेवाइकांना चिरा किती लहान ते सांगत बसत नाही. आतून काय काढलं ते दाखवतो.