ताईच्या माशांचं पाणी

पखालवाल्या लालासाबचाचांना तुमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. शाळा दोन बुकांचीच, अक्षर वाकडं येतंय, तेवढं चालवून घ्या.

शाहू महाराजांचं राज्य होतं. चाचा रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून कोल्हापुरात घरोघर पाणी घालत. दोघांची चाल एकच, कोण कुणाला हाकतंय कळायचं नाही. आमच्याकडं ते पाणी झाडांना आणि अंगणाला. प्यायला नाही, कारण आक्का. आक्का म्हणजे आमची विधवा आत्या; सोवळ्याची इतकी कडक, की मांजरसुद्धा तिला विचारून आत यायचं.

माझी थोरली बहीण मीनाक्षी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. घास तोंडात फिरायचा, उतरायचा नाही. तेव्हा दादांनी, आमच्या वडिलांनी, मुंबईहून काचेची पेटी आणि दोन तांबडे मासे आणवले. मासे दाणा टिपायला लागले की त्यांच्याकडं बघत ताईही चार घास खायची. ते तेवढंच तिचं जेवण. म्हणून मासे जगवणं हे घरातलं मोठं काम झालं.

पहिल्यांदा आडाचं ताजं पाणी घातलं, तर मासे वर येऊन तोंड वासायला लागले. चाचा म्हणाले, "खोल अंधारातनं आलंय ते. त्याला जरा वारा खाऊ द्या की." मग ते रंकाळ्यावरनं, धुण्याच्या दगडांपासून लांबचं पाणी आणायला लागले. फडक्यातनं गाळून परसातल्या रांजणात ओतायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडंच पेटीत घालायचं. आजचं पाणी आज कधीच नाही.

ताई खिडकीतनं विचारायची, "चाचा, काय म्हणतंय पाणी?"

"निजलंय, ताईसाब. उद्या उठवतो."

ताईच्या खोलीला लागूनच देवघर. कातड्यातलं पाणी तिथवर आलेलं आक्काला सोसवत नव्हतं. दुखणं वाढलं, तसं तिच्या मनानं घेतलं, की हे विटाळानंच. एका सकाळी तिनं सोवळ्यात पेटी उपसली आणि चिंचेनं लख्ख घासलेल्या तांब्याच्या हंड्यातलं आडाचं पाणी तुळशीचं पान टाकून ओतलं. तिनंही ते रात्रभर निवू दिलं होतं हो. वेडीवाकडी माया ती, पण मायाच.

दुपारी एक मासा आडवा होऊन वर आला. ताई बघत होती. ताट तसंच परत गेलं.

चाचांनी दुसरा मासा तसाच उचलून रांजणात सोडला. मग हंड्याकडं बघून म्हणाले, "बिनकल्हईच्या तांब्यात ताक ठेवता काय, आक्कासाब? कळकून इख हुतंय न्हवं?"

"देवाला चालतंय ते पाणी!" आक्का कडाडली. "तुझ्या माशाला चालत न्हाय व्हय? लई लाडाचा!"

"देव आंघोळ करून भाईर येतोय, आक्कासाब. ह्यो कुठं येणार?"

आक्का आत निघून गेली. त्यानंतर पेटीच्या पाण्याला तिनं हात लावला नाही. पेटी धुऊन रांजणातल्या पाण्यानं भरली आणि उरलेला मासा परत तीत सोडला; तो जगला, पण दाणा टाकला तरी तळाशी पडून राहायचा. ताईचंही तसंच. चाचा आले की पाण्याचं काढायचे नाहीत, दबक्या आवाजात एवढंच विचारायचे, "जेवल्या का?" आणि कुणी नाही म्हणून मान हलवली की रेड्याला चुचकारत उभे राहायचे.

श्रावणात ताई गेली.

घरात सुतक. देवपूजा बंद, चूल शेजारच्यांच्या जिवावर. अशात चाचा पखाल घेऊन परसदारी येऊन थांबले. पाणी ओतावं की तसंच माघारी न्यावं, त्यांना उमजेना. दादांना तर त्यांच्याकडं बघवेना.

आक्का उठली. गाळायचं फडकं घेऊन रांजणापाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते तोंडावर ताणून धरलं.

"ओत, लालासाब."

पखालीचं पाणी तिच्या कोपरापर्यंत भिजवत आत पडलं.

"ताजं हाय, आक्कासाब," चाचा म्हणाले.

"ठावं हाय मला. उद्या घालीन."

तिनं हात पदराला पुसले. न्हाणीकडं गेली नाही. पेटीपाशी जाऊन बसली आणि चिमटीतला दाणा एकेक करून पाण्यात सोडायला लागली.