वाचून नोको दाखवू

ताईंना कोणी स्क्रीनवरचं वाचून दाखवू लागलं की त्यांचा हात आडवा यायचा. "मले वाचून नोको दाखवू भाऊ. वाचता येईन असं कर."

वर्ध्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दुकानांच्या, शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट बनवायचो. ताई सिंदी मेघेहून ऑटोने यायच्या. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. पानावरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर ऐकत त्या आमचं काम तपासायच्या. मी हौसेनं सजवलेलं पहिलंच पान त्यांनी मलाही ऐकवलं : "बटण. बटण. बटण."

"सगळ्यायले बारशाले बोलावलं, अन् लेकराचं नावच ठेवलं नाई!" त्या खळखळून हसल्या. पण प्रत्येक बटणाला नाव मिळेपर्यंत त्यांनी मला खुर्चीवरून उठू दिलं नाही.

मग एका कॉलेजच्या निकालाची वेबसाइट आली. निकाल उघडण्याआधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची होती. चित्रातलं सॉफ्टवेअरला वाचता येईना, ताई तिथेच अडल्या. प्राचार्य म्हणाले, "न दिसणारी एकच मुलगी आहे आमच्याकडे, रोहण्याची सुजाता. तिचा निकाल आमचा क्लार्क फोनवर सांगेल."

"निकाल तिचा हाय ना सर? मंग क्लार्कले आधी काऊन समजावा?"

"अहो, उद्या सुरू करायचीय वेबसाइट."

"मी हो म्हननार नाई."

आमच्या मालकांचा चेहरा उतरला. कॉलेजचं काम हातचं जाईल, ताईंना समजाव, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. मी आत आलो, ताईंकडे पाहिलं आणि शेजारी बसून कामालाच लागलो. ती अक्षरं काढून टाकली. गुणांचा तक्ता असा बांधला, की प्रत्येक आकड्याआधी विषयाचं नाव ऐकू येईल. प्राचार्यांनी कुरकुरत का होईना, निकालाच्या दिवसापर्यंत थांबायचं कबूल केलं.

त्या दिवशी काही अडलं तर आपण हाताशी असावं म्हणून ताईंनी सुजाताला ऑफिसात बोलावून घेतलं. ती आईबरोबर आली, इअरफोन लावून बसली. तिनं निकालाचं पान उघडलं.

"काय झालं वं?" आईला राहवेना.

"थांब आई, पुन्हा ऐकू दे." तिनं पुन्हा ऐकलं. मग स्वतःच सांगितलं, "अर्थशास्त्रात राह्यली मी."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजाता मात्र ताईंकडे वळली. "ताई, घरी जाईपर्यंत गावाले माहीत नाई होनार ना?"

"तू सांगशीन तवाच. आता फेरपरीक्षेचं पान उघड. तेही बोलते."

पुढे ताई पुण्याला मोठ्या नोकरीवर गेल्या. त्यानंतर सुजाताच्या फेरपरीक्षेचा निकाल लागला. मी दिवसभर तिच्या फोनची वाट पाहिली. शेवटी न राहवून मीच फोन केला, तर आईकडून कळलं, ती स्वतःच निकाल ऐकून, पास होऊन मैत्रिणींबरोबर आर्वीला गेलेली.

मी जरा खट्टू होऊन ताईंना कळवलं, "आपल्याला साधा फोनसुद्धा केला नाही तिनं."

ताई इतक्या मोठ्यानं हसल्या, की मला मोबाइल कानापासून दूर धरावा लागला. "झालं न मंग आपलं काम, भाऊ!"