शोधाच्या रकान्यातलं शून्य

दिग्रसच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमच्या घरात तीन पिढ्या टेबलखुर्चीची नोकरी. त्यामुळे की काय, 'मला येत नाही' असं म्हणायची सवय आम्हाला कोणी लावलीच नाही. कॉलेजला शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस मिळाला तेव्हा अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला मी गेलो होतो. जेवणानंतरचा भाग पेंगण्यातच गेला. परत आल्यावर मात्र संगणकाशेजारी ठसठशीत अक्षरात पाटी लावली, 'शोध ग्रंथपालांमार्फतच घ्यावा'.

जवळच्या तांड्यावरची एक मुलगी तेव्हा पीएच.डी.ला लागली होती. बंजारा लग्नात नवरी माहेर सोडताना रडत रडत गाते ते ढावलो, हा तिचा विषय. तिची आई त्यात नावाजलेली. नवऱ्या मुलींना ढावलो शिकवायला तिला पार दारव्ह्याकडच्या तांड्यांतून बोलावणं यायचं. विद्यापीठाच्या समितीपुढे मुलीला या विषयावरच्या आधीच्या संशोधनाची यादी ठेवायची होती, म्हणून ती माझ्याकडे आली.

मी तिच्या प्रबंधाचं नाव, यवतमाळ जिल्ह्यासकट, अख्खंच्या अख्खं इंग्रजीत टाइप केलं आणि दोन्हीकडे अवतरणचिन्हं दिली. त्यामुळे शोध अचूक होतो, एवढं माझ्या लक्षात राहिलं होतं. ती दिली की तेच शब्द त्याच क्रमाने जिथे असतील तेवढंच दिसतं, हे बहुधा जेवणानंतर सांगितलं असावं. निकाल आला शून्य.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझी मावशी कर्नाटकात दिली आहे. तिकडं आम्हाला लंबाणी म्हणतात. तेलंगणात लंबाडी. तसं टाकून पाहता का?"

"आपण संशोधन शोधून राहिलो, तुझे नातेवाईक नाही," मी म्हणालो.

भोवतालची पोरं फिदीफिदी हसली. आपण काय मार्मिक बोललो, असं मलाही वाटलं. मग ते शून्याचं पान छापून मी त्यावर सही-शिक्का ठोकला आणि तिच्या हातात दिलं.

समितीने ते पान पाहिलं आणि विषयच नाकारला. ज्यावर कुणी काही लिहिलेलं नाही त्याला संदर्भ कुठून आणणार, असं त्यांचं म्हणणं. तिला सोयाबीनच्या बाजारपेठेचा विषय घ्यावा लागला. हे तिने मला येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "चांगलं झालं, सोयाबीनवर भरपूर मिळेल." आणि मिळालंही.

दीडेक वर्षाने प्राणिशास्त्राला नव्या मॅडम आल्या. माझ्या पाटीकडे ढुंकूनही न पाहता त्या संगणकावर बसल्या. गुलाबी बोंडअळीवरचे लेख हवे होते. त्यांनी अळीचं इंग्रजी नाव टाकलं, शास्त्रीय नाव टाकलं, मध्ये 'किंवा'चा इंग्रजी शब्द घातला.

"एकाच अळीला जो तो वेगळ्या नावानं लिहितो, सर. सगळी नावं द्यावी लागतात. आणि एक बरा लेख सापडला की त्याच्या शेवटची संदर्भांची यादी धरून पुढचे शोधायचे."

मला हे ठाऊकच असल्यासारखी मी मान डोलावली. त्या गेल्यावर खुर्ची ओढून बसलो. अवतरणचिन्हं काढली, जिल्हा काढला. बंजारा किंवा लंबाणी किंवा लंबाडी. सोबत गाणी किंवा लग्न. लेखामागून लेख येत राहिले, पानं संपेनात. हेच शब्द ती मुलगी मला आयते देत होती आणि मी पोरांपुढे तिचं हसं केलं होतं. लाज वाटलीच, पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी भीती वाटली, कारण त्या पानावर सही माझी होती. त्या भीतीपायी मी दोन दिवस तोंड उघडलं नाही, याची लाज वेगळी.

तिसऱ्या दिवशी तिला बोलावून सगळं सांगितलं आणि यादी पुढे ठेवली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती एकेक नाव वाचत बसली.

"आता विषय बदलत नाही, सर," शेवटी ती म्हणाली. "अर्धं काम झालं. पण माझ्या याडीले तुम्हीच सांगा. मी घरी सांगतलं होतं, आपल्या गाण्यावर जगात कोनीच काही लिहिलं नाही. सरनं स्वतः पाहिलं, म्हटलं."

याडी म्हणजे आई. रविवारी जीपने मी तांड्यावर गेलो. त्या माउलीने खाट टाकली, चहा दिला. चूक माझी झाली, तुमच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिलेलं आहे, कर्नाटकातल्या, तेलंगणातल्या बायांनी गायलेलं सगळं लिहून ठेवलंय, असं मी एका दमात सांगून टाकलं. तिचा चेहरा खुलला.

"मंग आपल्या इकडचंही असंन त्याच्यात?"

"नाही," मी म्हणालो. "इकडचं मला सापडलं नाही."

तिने दाराकडे पाहिलं. तिथे मुलगी सोयाबीनच्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे लावत होती.

"कसं सापडंन, सर?" आई म्हणाली. "इकडचं तं हे पोरगी लिहिनार होती ना."