गारगोटीच्या मावशींची निळी मोपेड

शाहूपुरीत आमचं छोटं दुकान आहे. दुचाकीच्या टाक्या, मडगार्ड, पॅनेलं असले सुटे पार्ट आम्ही रंगवून देतो. रंगाची गन नेहमी नवऱ्याच्या हातात. माझ्याकडं पार्ट धुणं, वॉटर पेपरनं घासणं आणि आल्यागेल्याला चहा विचारणं. नवरा जिन्यावरून घसरला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा गारगोटीच्या एका मावशींची मोपेड आमच्याकडं उघडून पडली होती. दुधाचे कॅन घासून घासून तिच्या पॅनेलांचा पत्रा उघडा पडलेला. मावशी जावेची गाडी मागून डेअरीला दूध घालत होत्या.

"त्यास्नी सांगूया, हात बरा झाल्यावर करतो म्हणून," नवरा म्हणाला.

"मी मारते की."

मला वाटलं, हसेल. पण त्यानं स्टूल ओढलं आणि बसत म्हणाला, "आधी कॉम्प्रेसरमधलं पाणी काढ. न्हाईतर रंगावर फोड येत्यात."

पाणी काढलं, तोंडाला मास्क बांधला, गन धरली. दाबल्यावर फस्स करून निळा फवारा उडाला आणि मी दचकून एका जागीच थांबले. पॅनेलवरनं रंगाचा जाड ओघळ खाली आला. मला रडूच फुटलं.

"रडतीस काय? वाळू दे. घास. परत मार," नवरा म्हणाला. "आणि हात थांबवायचा न्हाय. पार्टच्या बाहेर सुरू करायचं, पार पलीकडं जाऊन सोडायचं."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. पातळ हात मारायचा, सुकू द्यायचा, वर पुन्हा एक. शेवटी चकाकीचा हात दिला आणि वरची ट्यूबलाइट पॅनेलमध्ये सरळ रेघेसारखी दिसली. कुठं वाकडी नाही, कुठं तुटलेली नाही. मी बघतच राहिले.

मावशी आल्या. त्यांनी रंगावरनं बोट फिरवलं आणि नवऱ्याच्या प्लास्टरकडं बघितलं.

"असल्या हातानं कसा मारलासा वो?"

"मी न्हाय. हिनं मारलाय."

"व्हय गं? तू?"

"व्हय."

"मग जावंची गाडी बी तूच करायची. ह्यांचा हात बरा झाला तरी."

नवरा खळखळून हसला. मावशींनी कॅन लटकवले, मग डोक्याचा स्कार्फ सोडून कॅन आणि पॅनेलच्या मधे घडी करून खोचला. "वरखडा पडाय नको," असं म्हणत त्यांनी किक मारली.

संध्याकाळी नखांतला निळा रंग थिनरनं न पुसताच मी भाजीला गेले.

"हाताला काय लागलंय, वैनी?" भाजीवालीनं विचारलं.

"रंग. गाडी रंगवली," मी जरा मोठ्यानंच सांगितलं.