मला उचलू नका

"घड नीट धर रे. डाग पडला तं व्यापारी घेत नाही."

घड म्हणजे मी. बी.ए.ची विद्यार्थिनी, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलेली. खुर्चीच्या एकेका पायाला एकेक पोरगा. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, माझी ओढणी एकाच्या हाताखाली अडकली, मान खेचली गेली, आणि मागचा पोरगा हे बोलला. आमच्या भागात केळीचा घड असाच जपून आणतात, डाग पडला की भाव पडतो. त्यामुळे विनोद सगळ्यांना लगेच कळला. उचलणारे हसले. वरून उतरणाऱ्या पोरी हसल्या. मागून मोबाईलवर शूटिंग करत येणारे सर, तेही हसले.

मीही हसले. चौघांच्या हातात लटकत असताना माणूस दुसरं काय करणार? चिडले असते आणि एकानं हात सोडला असता तर?

माझ्या पायांत जन्मापासून ताकद नाही. मी व्हीलचेअर वापरते. रावेरकडच्या गावातून जळगावला शिकायला आले, ती याच सरांच्या शब्दावर. घरी आले होते ते. ओट्यावर बसून चहा प्यायले. आई म्हणाली, "हिले जिने चढता येत नाही, सर." सर आबांकडे, माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "आबा, पोरगी आजपासून माझी जबाबदारी." तोवर मला प्रत्येक शाळेनं घरी बस म्हणून सांगितलेलं, दहावी-बारावी मी बाहेरून दिलेली. ये म्हणणारा हा पहिला माणूस. मी त्याला देवाच्या जागी ठेवलं. खोटं कशाला बोलू?

आमचे तास दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सर म्हणाले, खाली खोली मिळत नाहीये, प्राचार्यांशी बोलतो, तोवर जमवून घे. सरांकडे राष्ट्रीय सेवा योजना होती. त्यात पोरांना सेवेचे तास भरावे लागतात. कुणी झाडं लावायची, कुणी रस्ता झाडायचा आणि कुणी मला उचलायचं. वर पोचवलं की पोरं सरांकडे धावायची, सर, आमचा तास धरा.

आणि ते हात. खुर्चीला लागायचे तसे मलाही लागायचे. काही चुकून. काही अजिबात चुकून नाही. सरांना मी दबक्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, अगं भावासारखी पोरं ती, असा विचार मनात आणू नये. म्हणजे घाण माझ्याच मनात.

सकाळपासून पाणी पिणं बंद केलं. मुलींचं स्वच्छतागृह खाली. जायचं तर भर तासात हात वर करून खुर्ची मागायची, मग उचलणारे गोळा करायचे, मग सगळ्या वर्गाला कळणार मी कुठे चालले. जळगावच्या उन्हात घशाला कोरड पडायची तरी बाटली उघडायची नाही. लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरीणबाई रागावल्या, पाणी का पीत नाहीस? काय सांगणार त्यांना?

तो व्हिडिओ सरांनी कॉलेजच्या पानावर टाकला. नाव दिलं, माणुसकीचा जिना. घडाचा विनोद कापून वर गाणं लावलं होतं. गावात मोबाईल-मोबाईल फिरला. आबांचा फोन आला, आवाज भरून आलेला. आईनं सांगितलं, सरांच्या पाया पड. मी कुणाला काय सांगू?

शेवटी स्वतःच चाकं ढकलत प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते तळमजल्यावर बसतात. म्हटलं, सर, एक खोली खाली द्या. ते चकित झाले. खरंच झाले.

"अगं, मी तर प्रवेशाच्या वेळीच म्हटलं होतं, शेजारची खोली घ्या. तुमचे सर म्हणाले, तुलाच नकोय. मित्र उचलून नेतात, त्यातच तुला आनंद आहे."

शेजारची खोली. मोडकी बाकं आणि कॅरमबोर्ड भरून कुलूप लावलेली. रोज तिच्यासमोरूनच मला वर न्यायचे. केसानं गळा कापला होता त्या माणसानं, आणि कापताना माझ्याच तोंडी आनंद घातला होता.

सरांना जाऊन विचारलं. रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वर्ग खाली आणला तर या मुलांनी सेवा कुणाची करायची?"

मी तो हात खांद्यावरून काढला.

दुसऱ्या दिवशी पोरं खुर्ची घेऊन आली. मी व्हीलचेअरचे ब्रेक लावले आणि म्हटलं, "मला हात लावायचा नाही. मला उचलू नका." घडवाला पोरगा वैतागला, त्याचा तास बुडत होता. सरांनी वरच्या कठड्यावरून गैरहजेरी लावायची धमकी दिली. लावा म्हटलं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, मला माहीत होतं. तरी बसून राहिले. तास सुरू झाला. पोरीपोरं मला वळसा घालून वर गेली. एक मैत्रीण जाता जाता म्हणाली, कशाला नाटकं करतेस. ते सरांपेक्षा जास्त लागलं.

असे बरेच दिवस गेले. मग इतिहासाच्या मॅडम थांबल्या. धुळ्याच्या, तासिका तत्त्वावरच्या, त्यांची स्वतःची नोकरी पक्की नाही. वाकून अहिराणीतच विचारलं, "तुले काय लागस, ते सांग." मला काय लागतं? हे आजवर एकाही शिक्षकानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, खालची खोली. त्यांनी शिपायाकडून कुलूप काढून घेतलं, बाकं मागे सारली आणि तिथंच तास घेतला. सगळा वर्ग खाली उतरला. एवढंच काम होतं. एवढ्यासाठी मला महिनोन्महिने उचललं.

प्राचार्यांनी मग सगळेच तास खाली आणले. आणि सरांनी काय करावं? फीत आणली, वार्ताहर बोलावला, नव्या वर्गाचं उद्घाटन ठेवलं. माझ्या हातात माझं आभाराचं भाषण दिलं, त्यांनीच लिहिलेलं. त्यात हा वर्ग त्यांच्या कल्पनेतून साकारला होता.

मी माईक घेतला. कागद मांडीवर पालथा ठेवला.

"ही खोली पहिल्या दिवसापासून कुलूप लावून पडून होती. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, मला उचलून घ्यायला आवडतं. मला कधीच आवडलं नाही. कुणी विचारलंही नाही. मी आभार मानणार नाही."

टाळ्या नाहीत. वार्ताहरानं पेन खिशात ठेवलं. सर माझ्याकडे बघत होते, असं की मीच त्यांना दगा दिलाय.

माझ्या विषयाचे अंतर्गत गुण अजून त्यांच्याच हातात आहेत. आई फोनवर रडते, माफी माग म्हणते, वर्ष वाया जाईल. गेलं तर जाऊ दे. पुढच्या वर्षी परत येईन, त्याच तळमजल्यावर, पहिल्या बाकाशेजारी चाकं लावून बसेन, आणि कुणाचेही आभार मानणार नाही.