‘असलेलं बरं’ म्हणजे नको

“लागतंयच का, का असलेलं बरं?” हा सुभेदारांचा प्रश्न. ‘असलेलं बरं’ असं उत्तर आलं, की ते मान हलवत. म्हणजे नको.

मुलांनो, हा माणूस आठवला की मला अजूनही राग येतो.

सैन्यातून निवृत्त होऊन ते सांगलीत आमच्या कॉलेजात संगणक सांभाळायला आले. गाव वडूजकडचं, कोरडवाहू. प्रवासाला एकच पिशवी. पंगतीत कोशिंबीर आली की ताटावर हात आडवा धरून ‘नको’. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ग्रंथालयाची सूची संगणकावर घ्यायची म्हणून ते त्यावर लिनक्स ही प्रणाली बसवत होते आणि ग्रंथपाल म्हणून मी शेजारी बसले होते. प्रत्येक पॅकेजबरोबर, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याबरोबर, पडद्यावर विचारणा होई: याच्या जोडीला एवढी आवश्यक, एवढी शिफारस केलेली. शिफारशीवर सुभेदार ‘नाही’ दाबत. त्यात मदतीची पानंही गेली. अडलं तर काय करायचं, ते सगळं त्या पानांत असतं.

“ती तरी राहू द्या. डिस्कवर जागा आहे,” मी म्हटलं.

“आवं बाई, पानं कशाला? मी हाय न्हवं. मला इचारा की.”

चिडून मी कामापलीकडचं बोलणंच टाकलं. त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. पण विचारलं की सांगत मात्र, पुढ्यातला चहा गार होऊ देऊन.

पुढे एकदा जिना चढताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. सुभेदारीणबाई आणि मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अँजिओग्राफी करून घेतलेली बरी, असं सांगितलं. बाहेर येताच सुभेदार हसले.

“बरी म्हणाले. लागंलच आसं न्हाई म्हणाले.”

“सुभेदार, हे शरीर आहे, तुमचं मशीन नाही,” मी भर रस्त्यात ओरडले. सुभेदारीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. ते रिक्षा शोधू लागले. गोळ्या मात्र न चुकता घेतल्या. त्या आवश्यक होत्या ना!

दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. छातीच्या दुखण्यानेच.

सुट्टी संपली आणि सूची उघडेना. विचारू कोणाला? त्यांच्या खणातली लिनक्सची सीडी काढली. शेजारी बसून पाहिलं होतं तसंच करत गेले, फक्त प्रत्येक शिफारशीवर ‘होय’ दाबलं, कळ तुटेल इतक्या जोरात. पानं आली. वाचली. सूची उघडली.

“आता सांगा,” मी त्यांच्या खुर्चीला म्हटलं, “लागत होतं की नाही?”